पारा सांगतो ते आणि सांगत नाही ते

२९ मे २०२४ रोजी दुपारी दिल्लीच्या वायव्य सीमेजवळच्या मुंगेशपूर येथील स्वयंचलित हवामान केंद्राने ५२.९ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद केली आणि संध्याकाळ होण्याच्या आत तो आकडा देशाच्या कानाकोपऱ्यात जाऊन पोचला. भारतात इतके तापमान पूर्वी कधी नोंदले गेले नव्हते. राजस्थानातील फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी पारा ५१ अंशांवर गेला होता, तोच देशातील उच्चांक. तो मोडला असे वाटून भीती पसरली आणि चर्चेलाही ऊत आला. वस्तुतः त्याच दिवशी दिल्लीतील इतर केंद्रांचे आकडे ४५ ते ४९ अंशांच्या आसपास होते. हवामान खात्याने पुढे तपासणी केली, मुंगेशपूरच्या नोंदी प्रमाणित उपकरणाशी ताडून पाहिल्या, तेव्हा तेथील संवेदक सुमारे तीन अंश जास्त दाखवीत असल्याचे निष्पन्न झाले. त्याच आठवड्यात नागपुरातील एका स्वयंचलित केंद्राने तर ५६ अंशांचा आकडा दाखविला होता; तोही उपकरणातील बिघाडाचाच प्रताप ठरला.

उच्चांक रद्द झाला, पण उन्हाळा काही रद्द झाला नाही. दिल्लीतील बांधकामांवर विटा वाहणाऱ्या मजुरांच्या दृष्टीने ती दुपार ५२ अंशांची की ४९ अंशांची, या वादाला फारसा अर्थ नव्हता. तथापि या प्रसंगाने एक मूलभूत प्रश्न पुढे आणला. ज्या आकड्यावर वर्तमानपत्रांचे मथळे बेतले जातात, ज्यावरून शाळांच्या वेळा बदलतात आणि उष्णतेची लाट आली की नाही हे ठरते, तो आकडा नेमका कशाचा असतो? तापमापक काय मोजतो? प्रश्न शाळकरी वाटतो, पण त्याचे उत्तर तितके सोपे नाही.

स्पर्शाची साक्ष

ऊन आणि थंड यांची पहिली पारख माणसाने हाताने केली. पण हात हा भरवशाचा साक्षीदार नव्हे. थंडीतील पहाटे देवघरातला तांब्याचा गडू हाताला गार लागतो आणि शेजारचा लाकडी पाट तितका गार लागत नाही. रात्रभर एकाच खोलीत राहिलेल्या या दोन्ही वस्तूंचे तापमान सारखेच असते. तांबे हातातील उष्णता झपाट्याने ओढून घेते, लाकूड ती सावकाश घेते, एवढाच काय तो फरक. एक हात गरम पाण्यात व दुसरा गार पाण्यात काही वेळ धरून मग दोन्ही हात एकाच कोमट पाण्याच्या घंगाळात घातले, तर एक हात ते पाणी गार असल्याची ग्वाही देतो आणि दुसरा ते ऊन असल्याची. त्वचेला कळतो तो उष्णतेचा प्रवाह. तापमान तिला थेट कळत नाही.

उष्णता आणि तापमान या दोन गोष्टींची गल्लतही याच अनुभवातून होते. दिवाळीत फुलबाजीतून उडणाऱ्या ठिणगीचे तापमान हजार अंशांच्या घरात असते, तरी ती लहान मुलाच्या हातावर पडून विझून जाते. आंघोळीच्या बंबातील पाणी त्या मानाने कितीतरी कमी तापलेले, पण ते अंगावर सांडले तर कातडी सोलून निघते. ठिणगीत तापमान आहे, परंतु द्रव्य नगण्य असल्यामुळे तिच्यातील उष्णताही नगण्य आहे. तापमान म्हणजे पदार्थाच्या कणांच्या हालचालीची तीव्रता. उष्णता म्हणजे एका वस्तूतून दुसरीत जाणारी ऊर्जा. ती कोणत्या दिशेने वाहील हे तापमानावरून ठरते. किती वाहील हे मात्र एकट्या तापमानावरून सांगता येत नाही.

आधी तापमापकालाच ताप

हाताची ही लहर टाळण्यासाठी उपकरण आले. सोळाव्या शतकाच्या अखेरीस इटलीत गॅलिलिओने काचेच्या फुग्यातील हवेच्या प्रसरणावर चालणारे साधन वापरले, असे मानले जाते. त्याची नळी खालच्या बाजूने पाण्यात उघडी असल्यामुळे हवा तापली की पाणी खाली जाई आणि निवली की वर चढे. परंतु बाहेरच्या हवेचा दाब बदलला तरीही पाण्याची पातळी हलत असे. म्हणजे हे साधन एकाच वेळी दोन गोष्टी मोजत होते आणि वापरणाराला मात्र ते एकच गोष्ट मोजते असे वाटत होते. सतराव्या शतकाच्या मध्यास फ्लॉरेन्समध्ये मद्यार्क भरून तोंड बंद केलेल्या नळ्या तयार झाल्या, तेव्हा कोठे हवेच्या दाबाची ही लुडबुड थांबली.

तेव्हापासून साधने पुष्कळ बदलली, पण त्यांचे तत्त्व बदललेले नाही. पारा प्रसरण पावतो, तापल्यावर प्लॅटिनमच्या तारेचा विद्युत्‌रोध वाढतो, दोन धातूंच्या सांध्यात सूक्ष्म विद्युत्‌दाब निर्माण होतो. ही सारी साधने तापमान प्रत्यक्ष मोजत नाहीत. ती मोजतात लांबी, रोध किंवा विद्युत्‌दाब. आणि त्यावरून तापमानाचे अनुमान काढले जाते. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. स्पर्शाने चालणारा कोणताही तापमापक फक्त एकाच वस्तूचे तापमान सांगू शकतो, आणि ती वस्तू म्हणजे तो स्वतः.

हे विधान विचित्र वाटेल, पण प्रत्येक घरात त्याचा पडताळा येतो. आजारी मुलाच्या काखेत थर्मामीटर लावून आई काही मिनिटे थांबते, ती कशासाठी? शरीरातील उष्णता काचेत व काचेतून पाऱ्यात जाऊन दोघांचे तापमान सारखे होण्यासाठी. आजाऱ्याचा ताप कळण्यापूर्वी थर्मामीटरलाच ताप यावा लागतो. घाईने काढला तर तो खोटे बोलत नाही. स्वतःचे तापमान तो बिनचूक सांगतो, फक्त ते अद्याप मुलाचे तापमान झालेले नसते. त्याच्या नळीला फुग्याजवळ बारीक चिमटा दिलेला असतो. त्यामुळे बाहेर काढल्यावर पारा आपोआप मागे येत नाही, आणि म्हणूनच तो झटकून उतरवावा लागतो. शिवाय थर्मामीटर शरीरातील थोडी उष्णता स्वतःसाठी घेतो, म्हणजे ज्याचे मोजमाप करायचे त्यात किंचित ढवळाढवळ करतो. ही ढवळाढवळ नगण्य राहावी म्हणूनच त्याचा फुगा लहान ठेवलेला असतो.

२०२० साली कोरोनाच्या साथीत दुकानांच्या, कचेऱ्यांच्या दारात कपाळावर रोखल्या जाणाऱ्या ‘बंदुकां’नी हाच धडा निराळ्या रीतीने शिकविला. ही साधने त्वचेतून बाहेर पडणाऱ्या अवरक्त किरणांवरून कपाळाच्या पृष्ठभागाच्या तापमानाचे अनुमान काढतात. उन्हातून चालत आलेल्या निरोगी माणसाचे कपाळ तापलेले असू शकते आणि वातानुकूलित मोटारीतून उतरलेल्या तापकऱ्याचे कपाळ गार असू शकते. साधन कपाळाबद्दल बोलत होते. दारावरचा पहारेकरी मात्र त्यातून संसर्गाचा निवाडा करीत होता.

अंशांची जन्मकथा

तापमापक स्वतःविषयी बोलतो हे मान्य केले, तरी तो कोणत्या भाषेत बोलतो हा प्रश्न उरतोच. अॅमस्टरडॅममध्ये उपकरणे बनविणारा डॅनिएल गाब्रिएल फॅरनहाइट याने १७१४ च्या सुमारास पाऱ्याचे विश्वसनीय तापमापक तयार केले आणि १७२४ साली आपली श्रेणी प्रसिद्ध केली. स्वीडनमधील उप्साला येथील खगोलशास्त्रज्ञ अँडर्स सेल्सिअस याने १७४२ साली पाण्याचा उत्कलनबिंदू आणि बर्फाचा द्रवणबिंदू यांच्यामध्ये शंभर भाग पाडले. गंमत अशी की त्याच्या मूळ श्रेणीत उकळते पाणी शून्यावर होते आणि बर्फ शंभरावर! ती श्रेणी थोड्याच वर्षांत उलटविण्यात आली. मराठी घरांत या दोन्ही श्रेणी अजून सुखाने नांदतात. बाहेरचे ऊन चाळीस अंशांचे असते, पण मुलाचा ताप शंभरावर जातो. आणि यात काही विसंगती आहे असे कोणालाच वाटत नाही.

शून्य आणि शंभर या दोन खुणा ठरल्या म्हणजे सारे ठरले, असे मात्र नव्हते. पाऱ्याचा आणि मद्यार्काचा असे दोन तापमापक बर्फात व उकळत्या पाण्यात एकमेकांशी जुळवून घेतले आणि मधल्या अंतराचे सारखे भाग पाडले, तरी पारा पन्नासावर असताना मद्यार्क काही अंश मागे रेंगाळतो. कारण दोन्ही द्रव सारख्या गतीने प्रसरण पावत नाहीत. मग यांतला खरा कोण? तापमान ठाऊक असल्याशिवाय द्रवाच्या प्रसरणाचा नियम तपासता येत नाही, आणि तो नियम ठाऊक असल्याशिवाय तापमान मोजता येत नाही. या चक्रातून बाहेर पडण्यासाठी शास्त्रज्ञांना शंभराहून अधिक वर्षे खपावे लागले. फ्रान्समध्ये आंरी व्हिक्तॉर रेन्यो याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वायूंच्या तापमापकांवर अपार कष्ट घेऊन केलेले प्रयोग हा त्याच धडपडीचा भाग. १८४८ साली विल्यम टॉमसन, म्हणजेच पुढील काळातील लॉर्ड केल्व्हिन, याने पाऱ्याच्या वा मद्यार्काच्या स्वभावावर मुळीच अवलंबून नसलेल्या निरपेक्ष श्रेणीची कल्पना मांडली. उणे २७३.१५ अंश सेल्सिअस हे तिचे शून्य.

१९५४ पासून या श्रेणीचा आधार होता पाण्याचा त्रिक बिंदू, म्हणजे पाणी, बर्फ आणि वाफ ही तिन्ही एकाच वेळी समतोलात नांदतात ते ०.०१ अंश सेल्सिअस तापमान. २० मे २०१९ पासून तोही आधार बदलला. बोल्ट्झमान स्थिरांकाचे मूल्य कायमचे निश्चित करून केल्व्हिनची व्याख्या आता थेट कणांच्या ऊर्जेशी जोडण्यात आली आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत देशाची तापमानाची प्रमाणे सांभाळली जातात. औषधांच्या दुकानातील साध्या थर्मामीटरवरील रेघांमागे ही अशी तीन शतकांची मेहनत आणि साऱ्या जगाने केलेला करार उभा आहे.

आता खुद्द पाऱ्याचीच सद्दी संपत आली आहे. पारा विषारी आहे. त्याच्या वापरास आळा घालणारा मिनामाता करार २०१३ साली झाला, २०१७ साली अमलात आला आणि भारताने २०१८ साली त्यास मान्यता दिली. ‘पारा चढला’ हा वाक्प्रचार मात्र भाषेत राहील. नळीत पारा असो वा नसो.

पेटीतली सावली

आता वर्तमानपत्रातील आकड्याकडे वळता येईल. ‘आज उन्हात ४८ डिग्री होते’ असे सहज म्हटले जाते. पण उन्हात ठेवलेला तापमापक हवेचे तापमान दाखवीतच नाही. सूर्याचे किरण थेट शोषून तो स्वतः तापतो आणि त्या तापलेल्या काचेचा आकडा सांगतो. काळ्या रंगाचा असेल तर जास्त, पांढरा असेल तर कमी. हवा तीच, आकडे मात्र निरनिराळे. म्हणून वेधशाळेत तापमापक स्टीव्हन्सन पेटीत ठेवतात. दीपगृहे बांधणारे स्कॉटिश अभियंता टॉमस स्टीव्हन्सन यांनी ती एकोणिसाव्या शतकात योजिली. रंगाने पांढरी, दुहेरी छपराची, बाजूंना हवा खेळती ठेवणाऱ्या झडपा असलेली ही लाकडी पेटी जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास उंचीवर उभी असते. तिचे दार आपल्याकडे उत्तरेला ठेवतात, म्हणजे वाचन घेतानाही आत ऊन शिरत नाही.

वर्तमानपत्रातील कमाल तापमान म्हणजे या पेटीतील, सावलीतील, वाहत्या हवेचे तापमान. ते असेच असायला हवे, याविषयी शंका नको. कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली उभारली. तेथील जुन्या नोंदींशी आजचा आकडा ताडून पाहायचा, मुंबईची तुलना नागपूरशी करायची, हवा वर्षानुवर्षे किती तापत चालली आहे हे ओळखायचे, तर मोजण्याची रीत एकच असली पाहिजे. ती सुटली की काय होते, याचे उदाहरण लिबियातील अल अझिझिया येथे सापडते. १३ सप्टेंबर १९२२ रोजी तेथे नोंदलेले ५८ अंश हे तापमान नव्वद वर्षे जागतिक उच्चांक म्हणून पाठ्यपुस्तकांत मिरवत होते. जागतिक हवामान संघटनेने २०१२ साली तो रद्द केला. अननुभवी निरीक्षकाने उपकरणातील दर्शक-पट्टीचे चुकीचे टोक वाचले असावे आणि त्यामुळे सुमारे सात अंशांची चूक झाली असावी, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. तेथे वाचणारा चुकला, मुंगेशपूरला यंत्र चुकले. दोन्ही ठिकाणी चूक उघडकीस आली ती आकड्याची उलटतपासणी करण्याची शिस्त शास्त्रात असल्यामुळे.

पण हे सारे मान्य करूनही एक गोष्ट उरते. स्टीव्हन्सन पेटीत कोणी राहत नाही. माणसे राहतात पत्र्याच्या छपराखाली, राबतात डांबराच्या रस्त्यावर, उभी असतात भर उन्हातल्या रांगेत. पेटी ज्या ज्या गोष्टी कटाक्षाने बाहेर ठेवते, ते थेट ऊन, तापलेली जमीन आणि भिंतींची धग, नेमके तेच माणसाच्या वाट्याला येते.

माठाचे गणित

त्यात भर पडते दमटपणाची. उन्हाळ्यात नागपूरच्या माठातले पाणी गारेगार होते आणि मुंबईच्या माठातले जेमतेम निवते, हा अनुभव गृहिणींना शास्त्रज्ञांच्या आधीपासून आहे. माठातून झिरपलेल्या पाण्याची वाफ होताना ती आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. हवा कोरडी असेल तर हे काम झपाट्याने होते, दमट असेल तर अडते. वाळ्याच्या ताट्या आणि कूलर विदर्भात उपयोगी पडतात आणि कोकणपट्टीत निष्प्रभ ठरतात, त्याचेही कारण हेच. माणसाचे शरीर या बाबतीत एक माठच आहे. बाहेरची हवा त्वचेहून जास्त तापली की घामाची वाफ होणे हाच शरीराला निवण्याचा एकमेव मार्ग उरतो.

हा मार्ग कितपत मोकळा आहे, हेही तापमापक सांगू शकतो. त्याच्या फुग्याला ओली मलमल गुंडाळली आणि हवा खेळती ठेवली, की तो माठासारखा निवतो आणि एका ठिकाणी स्थिरावतो. त्या आकड्याला आर्द्र फुग्याचे तापमान म्हणतात. नागपूरला ४४ अंश तापमान आणि हवेतील आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओला फुगा सुमारे २३ अंशांवर थांबतो. मुंबईत ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असेल, तर तो सुमारे २८ अंशांवर राहतो. म्हणजे ज्या शहराचा पारा दहा अंशांनी खाली, तेथे घामाला वाट कमी. याचा अर्थ नागपूरचे ऊन निर्धोक असा नव्हे. तेथे शरीरातील पाणी झपाट्याने आटते आणि पाणी न मिळालेला माणूस हा हा म्हणता कोसळतो. अर्थ इतकाच की, दोन्हीकडचा धोका एका कोरड्या आकड्यात मावत नाही. आर्द्र फुगा ३५ अंशांवर गेला तर सावलीत स्वस्थ बसलेला निरोगी माणूसही फार तास तग धरू शकणार नाही, असे २०१० मध्ये मांडण्यात आले. नंतरच्या प्रयोगांत तर दमट हवेत ही मर्यादा ३१ अंशांच्या आसपासच येत असल्याचे दिसले, आणि तेही तरुण, धडधाकट माणसांच्या बाबतीत.

१६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघर येथे महाराष्ट्रभूषण पुरस्काराच्या समारंभासाठी लक्षावधी लोक उघड्या मैदानात जमले होते. त्या दिवशी तेथील तापमान ३८ अंशांच्या घरात होते. विदर्भातील माणसाने हसून सोडून द्यावा असाच हा आकडा. पण डोक्यावर छप्पर नाही, भोवती माणसांची दाटी, समुद्राकाठची दमट हवा आणि तासन्‌तास बसून राहणे, या सर्वांचा हिशेब त्या आकड्यात नव्हता. १४ जणांना प्राण गमवावे लागले. पारा खोटे बोलला नव्हता. जे त्याला कधीच ठाऊक नव्हते ते त्याने सांगितले नाही, इतकेच. सांगायला हवे होते ते माणसांनी.

आकड्यापुढची जबाबदारी

अशा प्रसंगांसाठी शास्त्राकडे साधने नाहीत असेही नाही. ओला फुगा, उन्हात टांगलेल्या काळ्या तांब्याच्या पोकळ गोलातील तापमापक आणि सावलीतील साधा तापमापक या तिघांच्या वाचनांचे अनुक्रमे सात, दोन व एक दशांश भाग एकत्र करून एक निर्देशांक काढला जातो. अमेरिकी सैन्याच्या प्रशिक्षण तळांवर उष्माघाताने जवान दगावू लागले, तेव्हा १९५० च्या दशकात तो तयार झाला. कवायत केव्हा थांबवायची हे त्यावरून ठरू लागले. जो हिशेब सैनिकासाठी होतो, तो रस्त्यावर खडी टाकणाऱ्या मजुरासाठी, ऊसतोडणी कामगारासाठी, वीटभट्टीवरच्या बाईसाठी का होऊ नये?

आपल्याकडे उष्णतेची लाट मुख्यत्वे कमाल तापमानावरून ठरते. मैदानी प्रदेशात किमान ४० अंश आणि किनारपट्टीवर किमान ३७ अंश तापमान, आणि ते सरासरीहून साडेचार अंश अधिक, असा दंडक आहे. किनाऱ्यासाठी वेगळी मर्यादा ठेवण्यात दमटपणाची जाणीव दिसते. पण रात्रीचा उकाडा, पत्र्याची धग आणि कामाचे कष्ट यांची दखल या दंडकात नाही. आकडा कृतीशी जोडला तर काय साधते, याचा मार्ग अहमदाबादेने दाखविला. मे २०१० मधील लाटेत त्या शहरात नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक मृत्यू झाले. त्यानंतर २०१३ मध्ये महापालिकेने उष्णतेविरुद्ध आराखडा तयार केला. त्यात पूर्वसूचना, पाणपोया, दवाखान्यांची तयारी आणि वस्त्यावस्त्यांतून जागृती यांचा समावेश होता. तापमापक तोच होता. त्याने दाखविलेला आकडा ऐकून कोणी काय करायचे, हे तेवढे ठरले.

तापमापक हे माणसाने घडविलेल्या अत्यंत प्रामाणिक साक्षीदारांपैकी एक आहे. विचारले तेवढेच तो सांगतो आणि स्वतःपलीकडचे काही ठाऊक असल्याचा आव आणीत नाही. त्याला योग्य जागी ठेवणे, पुरेसा वेळ देणे, त्याचे म्हणणे दुसऱ्या साक्षीदाराशी ताडून पाहणे ही वेधशाळेची जबाबदारी. आणि ती मुंगेशपूरच्या प्रकरणात अखेर पार पडली. पण पेटीतील हवेची साक्ष संपते तेथून उन्हातल्या माणसाची सुरू होते, आणि ती ऐकण्याची जबाबदारी सरकारवर, महापालिकेवर आणि काम देणाऱ्या मालकावर येते. उद्याच्या वर्तमानपत्रात पारा ३८ अंशांवर असेल. दुपारी दोन वाजता रस्त्यावरचे काम थांबवायचे की नाही, हे पारा सांगणार नाही.